एकाला नऊ : मटक्याचा हिशेब

या सदरात एनआरई ठेवी, विमा, मधुमेह, गुडघेदुखी अशा विषयांवर नेहमी लिहिले जाते. आजचा विषय पैशाचाही आहे आणि प्रकृतीचाही, पण मंडळाच्या कार्यक्रमात त्याचे नाव कुणी मोठ्याने घेत नाही. विषय आहे मटका. उम्म अल कुवैनसारख्या लहानशा, शांत अमिरातीत मटका कुठून आला, असे कुणी विचारील. इथे टपरी नाही, चिठ्ठी फाडून देणारा नाही. पण खिशात फोन आहे, गावाकडे ओळखीचा एजंट आहे आणि महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवण्याची सोय आहे. तेवढे पुरते.

आधी खेळ कसा चालतो ते सांगतो, कारण 'ओपन', 'क्लोज', 'जोडी' हे शब्द घरात कानावर पडूनही त्यांचा अर्थ बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. शून्य ते नऊ या दहा अंकांतून तीन अंक काढले जातात. समजा ३, ६ आणि ८ निघाले. ही झाली पत्ती, कुणी तिला पाना म्हणतात. बेरीज १७, तिचा शेवटचा अंक ७. हा 'ओपन'. काही तासांनी पुन्हा तीन अंक निघतात, समजा २, ४ आणि ०. बेरीज ६, हा 'क्लोज'. (शून्याला दहाचा मान, म्हणून तो पत्तीत शेवटी लिहितात.) दोन्ही मिळून जोडी झाली ७६. फळ्यावर लिहायचे ते ३६८-७६-२४०. ज्याने ओपनला किंवा क्लोजला नुसता एक अंक लावला आणि तो लागला, त्याला एकाला नऊ. जोडी लागली तर एकाला नव्वद. पत्तीचे भाव ठिकाणागणिक थोडे बदलतात. तिन्ही अंक वेगळे असतील तर एकाला १४० ते १५०, दोन सारखे असतील तर २८० ते ३००, तिन्ही सारखे असतील तर ६०० ते ७००. याशिवाय 'संगम' वगैरे प्रकार आहेत, ते सोडून देऊ.

या खेळाचा उगम मोठा मजेशीर आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होते भाव तारेने मुंबईच्या कापूस बाजारात येत, आणि त्या आकड्यांवर लोक पैसे लावीत. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथूनच आले. १९६१ मध्ये न्यूयॉर्कहून भाव येणे थांबले आणि सट्टेवाल्यांची पंचाईत झाली. मग कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये वरळीत आपला मटका सुरू केला आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपला वेगळा. सुरुवातीला मडक्यातून चिठ्ठ्या काढीत, म्हणून नाव मटका. पुढे पत्त्यांचा जोड आला, राजा-राणी-गुलाम बाजूला काढून. गिरणगावातल्या पगारदार माणसाने हा खेळ डोक्यावर घेतला. खत्री यांच्यावरून १९७५ मध्ये 'धर्मात्मा' हा हिंदी चित्रपट निघाला, यावरून त्या काळचा दबदबा कळेल. मे २०२० मध्ये खत्री वारले, पण मटका त्याआधीच फोनवर पोचला होता.

मला यात इंजिनिअर म्हणून एक गोष्ट फार लक्षणीय वाटते. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातही १९२०च्या दशकात असाच अंकांचा जुगार होता, आणि तिथे अंक घेत ते बँकांच्या क्लिअरिंग हाउसच्या छापून येणाऱ्या रकमांतून. म्हणजे दोन्हीकडे मूळ युक्ती एकच होती: अंक अशा ठिकाणाहून घ्यायचा, जिथे बुकीचा हात पोचत नाही. कापसाचा भाव मुंबईचा बुकी बदलू शकत नव्हता. पत्ते निदान चार लोकांसमोर पिसले जात. आज फोनवरच्या मटक्यात अंक कोण काढतो, कुठे काढतो, कुणासमोर काढतो? कशालाच पुरावा नाही. कोणत्या अंकावर किती पैसे लागले याची बेरीज ज्याच्यापुढे असते, निकालही तोच जाहीर करतो. यापुढे मी जो हिशेब मांडणार आहे तो बुकी शंभर टक्के प्रामाणिक आहे असे धरून आहे. म्हणजे खेळणाऱ्याला जितके अनुकूल धरता येईल तितके धरून.

या हिशेबाला निमित्त झाले आमच्या ओळखीचे एक गृहस्थ. इचलकरंजीकडचे, पंचेचाळिशीचे, इथे एसी दुरुस्तीचे काम करतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. एका शुक्रवारी चहाला आले आणि हळूच म्हणाले, "साहेब, तुम्ही कम्प्युटरवाले. गेल्या दहा वर्षांचा चार्ट माझ्याकडे आहे. त्यावरून उद्याचा आकडा काढणारा एखादा प्रोग्रॅम लिहून द्या ना." मी हसलो नाही, कारण आठवड्यापूर्वीच त्यांच्या पत्नीचा इचलकरंजीहून माझ्या पत्नीला फोन आला होता. तीन महिने पैसे निम्मेच येत होते, मुलीची कॉलेजची फी थकली होती, आणि विचारले तर दादा "कंपनीत पगार अडकलाय" असे सांगत होते. पगार अडकलेला नव्हता.

प्रोग्रॅम मी लिहिला, पण वेगळा. चार्टवरून पुढचा अंक काढता येत नाही, कारण काल सात निघाला हे पत्त्यांना आज आठवत नसते. "सात बरेच दिवसांत आला नाही, आता येणारच" या वाक्याने जितकी घरे बुडाली तितकी क्वचितच दुसऱ्या कशाने बुडाली असतील. म्हणून मी कम्प्युटरमध्ये शंभर काल्पनिक दादा तयार केले. प्रत्येकाने महिन्यातून २६ दिवस रोज १० दिरहॅम एका अंकावर लावायचे. लागला तर हाती ९०, नाही तर शून्य. वर्षाचे डाव ३१२, लावलेली रक्कम ३,१२० दिरहॅम. दहातून एकदा अंक लागतो आणि मिळतात नऊपट, म्हणजे शंभरातले दहा बुकीकडे राहतात. सरासरी तोटा वर्षाला ३१२ दिरहॅम.

निकाल पाहून दादा खूश झाले! कारण वर्षअखेरीला शंभरातले साधारण २६-२७ जण फायद्यात होते. हीच तर मेख आहे. चौघांतला एक जण पहिल्या वर्षी खरोखरच जिंकतो, आणि गावात बोलतो तोच. बाकीचे तिघे गप्प असतात. मग मी तेच शंभर जण दहा वर्षे खेळवले. फायद्यात उरले दोन. दादा म्हणाले, "त्या दोघांत मी असलो तर?" या प्रश्नाला गणितात उत्तर नाही.

पण वर्षाला ३१२ दिरहॅमच्या तोट्याने कुणाचे घर बुडत नाही. कुणी म्हणेल, महिन्याला दोनदा बाहेर जेवलो तर याहून जास्त जातात. खरे आहे. घर बुडते ते रक्कम दहावर राहत नाही म्हणून. दादांचा नियम होता हरल्यावर दुप्पट लावायचे, म्हणजे लागेल तेव्हा सगळे वसूल. पाच दिरहॅमपासून सुरुवात करा: ५, १०, २०, ४०, ८०, १६०, ३२०, ६४०. आठ डाव हरलात तर गेले १,२७५ दिरहॅम, आणि नवव्या डावाला हवेत १,२८०. आता सांगा, दहातला एक अंक सलग आठ वेळा न लागण्याची शक्यता किती? बहुतेकांना ती फार दुर्मीळ गोष्ट वाटते. प्रत्यक्षात ती ४३ टक्के आहे. सलग दहा वेळा न लागण्याची ३५ टक्के, आणि तोवर ५,११५ दिरहॅम गेलेले असतात. हे कोष्टक मी कागदावर लिहून दिले तेव्हा दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी मागच्या तीन महिन्यांच्या पाठवलेल्या पैशांच्या पावत्या काढल्या आणि आकडे जुळवून पाहिले.

पत्तीचा हिशेब तर याहून वाईट. तीन अंक स्वतंत्रपणे निघतात असे धरले तर हजारातल्या सहा वेळा एखादी ठरावीक वेगळ्या अंकांची पत्ती येते, दोन सारख्या अंकांची तीन वेळा आणि तिन्ही सारख्यांची एकदा. १४० चा भाव धरला तर शंभरातले १६ जातात, आणि ६०० च्या भावाने ट्रिपल खेळलात तर ४० जातात. जितका भाव डोळे दिपवणारा, तितका बुकीचा वाटा मोठा. भाव ठरवणाऱ्याला गणित पक्के येत होते यात शंका नाही.

'फिक्स जोडी' विकणाऱ्यांचे गणित त्याहून सोपे. दहा गिऱ्हाइकांना दहा वेगवेगळे अंक सांगायचे. एकाचा लागतोच, आणि तो पुढच्या वेळी दुप्पट पैसे देतो.

आता कुणी म्हणेल, सरकारी लॉटरीत तर शंभरातले निम्मे जातात. बरोबर! अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने १९७५ मध्ये तीन अंकांचा सरकारी खेळ सुरू केला, आणि तिकडच्या बऱ्याच राज्यांत हजारात एक शक्यतेला डॉलरमागे ५०० देतात. इथे अमिरातीत सप्टेंबर २०२३ मध्ये नियामक संस्था स्थापन झाली, आणि परवाना मिळालेल्या यूएई लॉटरीची पहिली सोडत १४ डिसेंबर २०२४ रोजी निघाली. तिच्या सुरुवातीच्या स्वरूपात ३१ पैकी सहा आणि १२ पैकी एक असे अंक जुळावे लागत. म्हणजे ८८,३५,३७२ तिकिटांत एक. तरीही ऑक्टोबर २०२५ मध्ये अबू धाबीत राहणाऱ्या एका भारतीयाला १० कोटी दिरहॅमचे पहिले बक्षीस लागले. कागदावर मटका स्वस्त दिसतो, हे मी लपवणार नाही. फरक असा की लॉटरीचे तिकीट रोखीने घ्यावे लागते, तर मटक्याचा एजंट उधारीवर खेळू देतो. आणि लॉटरीवाल्याने पैसे बुडवले तर दाद मागायला जागा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार पैजेचा करार मुळातच रद्दबातल. भारताच्या १९९८ च्या लॉटरी कायद्याने तर सरकारी लॉटरीलाही एका अंकावर बक्षीस द्यायला बंदी घातली आहे, ती उगाच नव्हे.

अमिरातीत परवाना नसलेला जुगार हा गुन्हा आहे, आणि भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. पण मला त्याहून जास्त भीती वाटते ती खात्याची. एजंट दर वेळी वेगळ्या माणसाच्या खात्यावर पैसे भरायला सांगतो आणि जिंकलात तर भलत्याच खात्यातून पाठवतो. त्यातले एखादे खाते फसवणुकीच्या तपासात सापडले की साखळीतली पुढची खातीही पोलीस गोठवतात. मग घराचा हप्ता, आईचे औषध, सगळे अडते, आणि इथून सुट्टी काढून पोलीस ठाण्याच्या खेपा घालाव्या लागतात.

प्रकृतीविषयी थोडेच, कारण मी डॉक्टर नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचे व्यसन दारू-तंबाखूच्या शेजारीच आहे. भारतातल्या मध्यरात्रीचा क्लोज इथे रात्री साडेदहाला फुटतो. त्या सुमारास घरातला माणूस रोज फोन घेऊन गॅलरीत जात असेल, पैसे पाठवल्याच्या पावत्या दाखवायचे टाळत असेल, सहकाऱ्यांकडून लहान लहान उसने घेत असेल, तर भांडण न करता आधी पावत्या एकत्र बसून मांडाव्यात. दादांच्या बाबतीत त्यांनी स्वतःच पत्नीला फोन केला, आणि आता पगाराच्या दिवशी घरखर्चाची रक्कम प्रथम जाते, उरलेल्याचे ते बघतात. सिम कार्डही त्यांनी बदलले, कारण जुन्या नंबरावर एजंटचे फोन थांबत नव्हते. उधारी अजून थोडी शिल्लक आहे. बोलायला कुणी हवे असेल तर इथे प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राचा विनामूल्य क्रमांक ८००-४६३४२ आहे, आणि गावाकडच्या मंडळींसाठी भारत सरकारच्या टेलिमानसचा १४४१६.