रिंगच्या मागे (५) : पट्टी बांधताना शेजारी उभा असलेला परका माणूस

मागच्या भागात आपण लढतीच्या आदल्या दिवशीच्या वजनकाट्यापाशी होतो. आज लढतीची रात्र. रिंगमध्ये उतरायला अजून अवकाश आहे. ड्रेसिंग रूममध्ये बॉक्सर उलट्या खुर्चीवर बसलाय, तिच्या पाठीवर हात टेकवलाय आणि ट्रेनर त्या हाताला गॉजची पट्टी गुंडाळतोय. खोलीत सगळी घरचीच माणसं आहेत. परके फक्त दोघं. एक बॉक्सिंग कमिशनचा निरीक्षक आणि दुसरा चक्क प्रतिस्पर्ध्याच्या गोटातला. तो काही बोलत नाही, फक्त ट्रेनरच्या बोटांकडे टक लावून बघतो.

टीव्हीवर लढत बघणाऱ्याला हा माणूस सहसा दिसत नाही. पण व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये त्याचं तिथं असणं हा हक्क आहे. दोन्ही बाजू आपापला माणूस दुसऱ्याच्या खोलीत पाठवतात. पट्टी पसंत पडली की निरीक्षक तिच्यावर मार्करने सही करतो. मग हातमोजे चढतात, नाड्या बांधल्या जातात, त्यांवर टेप बसते आणि टेपवर पुन्हा सही. मतदान केंद्रावर विरोधी उमेदवाराचा पोलिंग एजंट मोहोरबंद यंत्राकडे जसा बघतो, तशीच ही नजर. सौजन्याची अपेक्षा कुणीच करत नाही.

एवढा संशय कशासाठी? माणसाच्या हातात 27 हाडं असतात आणि ती कवटीवर जोरात आपटण्यासाठी घडलेली नाहीत. पट्टी ती हाडं एकत्र आवळून धरते, मनगट वाकू देत नाही. मुठीच्या सांध्यांवर गॉजच्या घड्यांची छोटी गादी ठेवतात. म्हणजे पट्टी असते ती मारणाऱ्याच्या रक्षणासाठी. पण तीच गादी कडक झाली, तर रक्षणाचं साधन हत्यार होतं. म्हणून गॉज किती रुंद असावा, चिकटपट्टी किती लागावी, ती सांध्यांपासून किती दूर थांबावी, हे सगळं नियमात लिहिलेलं असतं. गॉजवर टेप, त्यावर पुन्हा गॉज, पुन्हा टेप असे थर चढवणं अमेरिकेच्या एका राज्यात चालतं, दुसऱ्यात नाही. भांडणाला वाव तिथंच.

या प्रथेचं मोल कळतं ते 24 जानेवारी 2009 च्या रात्री. लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये शेन मोझली आणि अंतोनियो मार्गारितो यांची लढत होती. मोझलीचे ट्रेनर नाझीम रिचर्डसन मार्गारितोच्या खोलीत गेले. पट्टीच्या आतली गादी त्यांना खटकली. त्यांनी ती हाताळून बघण्याचा आग्रह धरला. गादी कडक निघाली. दोन्ही हातांच्या गाद्या जप्त झाल्या, हात पुन्हा बांधले गेले आणि नवव्या फेरीत मोझलीने मार्गारितोला लोळवलं. प्रयोगशाळेच्या तपासणीत त्या गाद्यांमध्ये गंधक आणि कॅल्शियम सापडलं. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये हेच घटक असतात. मोडलेल्या हाताला ओलं बांधतात आणि वाळल्यावर दगड होतं, तेच प्लास्टर. मार्गारितो म्हणाला, मला काही माहीत नव्हतं. ट्रेनर हाविएर कापेतियो म्हणाला, चुकून भलत्याच गाद्या उचलल्या. कॅलिफोर्नियाच्या कमिशनने दोघांचेही परवाने रद्द केले.

लक्षात घ्या, त्या खोलीत कमिशनचे अधिकारी होतेच. तरी गादीवर बोट ठेवलं ते रिचर्डसन यांनी. अधिकाऱ्यासाठी ते रोजचं काम असतं. त्या रात्री त्याला अशा बऱ्याच पट्ट्या बघायच्या असतात. रिचर्डसन यांच्या बॉक्सरचा जबडा मात्र त्या एका पट्टीसमोर येणार होता. शिवाय हा गडी या कामात मुरलेला. 2001 मध्ये बर्नार्ड हॉपकिन्सच्या बाजूने त्यांनी फेलिक्स त्रिनिदादच्या पट्ट्यांवर हरकत घेतली होती आणि त्या नव्याने बांधायला लावल्या होत्या.

अर्थात, हरकत हा डावही असतो. लढतीच्या तोंडावर बांधलेली पट्टी कापून पुन्हा बांधायची म्हणजे शरीर थंड पडतं, डोकं तापतं. त्रिनिदाद प्रकरणात कुरापतीचा आरोप झालाच होता. 2015 मध्ये ड्युसेलडॉर्फला व्लादिमीर क्लिच्कोने टायसन फ्युरीच्या माणसाला न बोलावताच हात बांधून घेतले. फ्युरीचा गोट अडून बसला आणि क्लिच्कोला ते पुन्हा बांधून घ्यावे लागले. त्या रात्री फ्युरी गुणांवर जिंकला. पट्टीत काही वावगं होतं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण हक्क सोडायचा नाही, हे या धंद्यातले सगळेच जाणतात.

कारण नजर चुकली की काय होतं, तेही याच धंद्याने पाहिलंय. 16 जून 1983, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. 21 वर्षांचा अपराजित बिली कॉलिन्स लुईस रेस्तोकडून दहा फेऱ्या मार खात राहिला. लढत संपल्यावर कॉलिन्सचे वडील रेस्तोशी हात मिळवायला गेले आणि त्यांच्या हाताला हातमोजा पोकळ लागला. ट्रेनर पनामा लुईस याने आतलं अस्तर काढून टाकलं होतं. आठ औंसांच्या हातमोज्यातून औंसभर भर गेली, तर उरतं ते चामडं आणि मूठ. कॉलिन्सच्या डोळ्याला कायमची इजा झाली, कारकीर्द तिथंच संपली. पुढच्याच वर्षी तो मोटार अपघातात गेला. लुईस आणि रेस्तो दोघंही तुरुंगात गेले. पुढे बऱ्याच वर्षांनी रेस्तोने कबूल केलं की त्या रात्री त्याच्या पट्ट्यांनाही प्लास्टर लावलेलं होतं.

हा साक्षीदार फक्त मार खाणाऱ्याला वाचवतो असं वाटेल. तो जिंकणाऱ्यालाही वाचवतो. जुलै 2008 मध्ये, पकडला जाण्याच्या सहा महिने आधी, मार्गारितोने मिगेल कोत्तोला अकराव्या फेरीत हरवलं होतं. त्या रात्रीच्या पट्टीत काही होतं याचा पुरावा नाही. पण 2009 नंतर त्या विजयाकडे निर्मळ मनाने कुणी बघत नाही आणि मार्गारितोकडे त्यावर उत्तर नाही. म्हणून प्रामाणिक ट्रेनर शत्रूच्या माणसाला स्वतःहून जवळ बोलावतो, हात पुढे करतो आणि म्हणतो, नीट बघून घे. निरीक्षकाची सही पट्टीवर पडली की उद्याचा आरोप आजच मिटलेला असतो.

पुढच्या भागात : दोन फेऱ्यांमधला एक मिनिट आणि फुटलेली भुवई शिवल्याशिवाय रक्त थांबवणारा कटमन.