खाशाबा जाधव की गणपतराव आंदळकर? दोन पैलवान आणि तुमच्या दुकानाचा हिशोब

या आठवड्याच्या व्हिडिओत वेळ कमी पडला, म्हणून राहिलेलं इथे सविस्तर लिहितो.

बॉक्सिंगवाल्यांचा एक आवडता वाद असतो: अमुक मोठा की तमुक? आपल्या महाराष्ट्रात तो वाद कुस्तीचा. आपल्या झाडीपट्टीत शंकरपटाला गर्दी जास्त, पण आमदंगल लागली की लाखनी-साकोलीकडची माणसंही कामधंदा सोडून जातातच. तर आज दोन नावं घेऊ. एक खाशाबा जाधव, दुसरे गणपतराव आंदळकर. कोण मोठा हे मी ठरवणार नाही, ती माझी लायकी पण नाही. दोघांच्या कारकिर्दीतून धंदेवाल्याने काय घ्यायचं, तेवढं बघू.

आधी खाशाबा

जन्म १९२६, गोळेश्वर, कराडजवळ, जिल्हा सातारा. घरातच कुस्ती, वडील दादासाहेब स्वतः पैलवान. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत वाढलेला पोरगा तिथे मॅटवर, परदेशी नियमांनी लढला आणि फ्लायवेट गटात सहावा आला.

आता इथे थांबा. सहावा नंबर म्हणजे हातात काहीच नाही, असं आपण म्हणतो. पण त्या माणसाला एक गोष्ट कळली होती: ताकद आपल्याकडे आहे, बाजार मात्र नवा आहे. पुढची चार वर्षं त्यांनी मॅटच्या कुस्तीवर घाम गाळला, वरच्या वजनगटात, ५७ किलोच्या बँटमवेटमध्ये गेले, आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक घेतलं. कॅनडा, मेक्सिको, जर्मनीचे मल्ल हरवून. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचं वैयक्तिक पदक लिएंडर पेसने १९९६ ला आणलं. मधे ४४ वर्षं गेली!

भांडवलाची गोष्ट तर प्रत्येक धंदेवाल्याने ऐकावी. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावाने वर्गणी केली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७००० रुपये दिले. पदक घेऊन आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं लावली आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं, असं सांगतात. मिरवणुकीत शंभरावर बैलगाड्या होत्या. पण मिरवणूक एक दिवसाची असते, कर्ज मात्र रोज उशाशी असतं. नाव झाल्यावर आधी देणं फेडणारा माणूस पुन्हा कधीही उभा राहू शकतो. आपल्याकडे उलटं चालतं: दुकान जरा चाललं की पहिले गाडी घेतो, आणि होलसेलवाल्याची बाकी तशीच!

पुढे १९५५ ला ते पोलीस खात्यात सब-इन्स्पेक्टर म्हणून लागले. १९८४ ला रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव लागलं २०१० ला. म्हणजे पदकानंतर ५८ वर्षांनी. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं नाही.

आता आंदळकर

जन्म १९३५, पुनवत, तालुका शिराळा, जिल्हा सांगली. पोरवयात कोल्हापूरला आले आणि मोतीबाग तालमीत राहिले. भारदस्त, जड वजनाचे मल्ल. १९६० ला हिंदकेसरी. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य. १९६४ ला टोकियो ऑलिंपिक, त्याच वर्षाचा अर्जुन पुरस्कार.

ऑलिंपिक पदक त्यांच्याकडे नव्हतं. पण स्वतःची कुस्ती थांबल्यावर ते मोतीबागेत वस्ताद म्हणून राहिले, आणि पोरं घडवत गेले. दादू चौगुले हे त्यातलं मोठं नाव: महाराष्ट्र केसरी, आणि १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक. २०१८ ला आंदळकर गेले तेव्हा ८३ वर्षांचे होते.

तालीम म्हणजे काय, ते धंद्याच्या नजरेने बघा. पहाटे उठायची वेळ ठरलेली. किती जोर, किती बैठका, खुराक काय, कोणाची जोड कोणाशी, सगळं ठरलेलं. नवा पोरगा आला की त्याला जुना शिकवतो. वस्ताद एखाद दिवशी नसला तरी माती उकरली जाते आणि पोरं लढतात. यालाच आपण सिस्टीम म्हणतो. शब्द इंग्रजी आहे, गोष्ट आपल्या तालमीत पिढ्यान्‌पिढ्या आहे.

मग फरक कशात?

खाशाबांनी दाखवलं की *होऊ शकतं*. आंदळकरांनी दाखवलं की *पुन्हा पुन्हा कसं होतं*. दोन्ही वारसे खरे. पण पहिल्या प्रकारचा वारसा लोकांच्या आठवणीवर उभा असतो, आणि लोक विसरतात. एवढं मोठं पदक असून देशाला ५८ वर्षं लागली. यात दोष खाशाबांचा नाही, त्यांच्या मागे व्यवस्था उभी राहिली नाही. दुसऱ्या प्रकारचा वारसा शिकलेल्या माणसांच्या हातात असतो. तो रोज कामाला येतो.

बाहेरचं एक उदाहरण देतो. बॉक्सर जॉर्ज फोरमन १९७४ ला किन्शासात मुहम्मद अलीकडून हरला. ४५ व्या वर्षी, १९९४ ला पुन्हा जागतिक विजेता झाला. आणि तरी आजच्या कितीतरी अमेरिकन घरांत त्याची ओळख काय? स्वयंपाकाचं ग्रिल! ते नाव वापरायचे हक्क १९९९ ला साधारण १३ कोटी ७५ लाख डॉलरला विकले गेले. रिंगमधली ताकद वयाने संपते, नावावर उभी केलेली वस्तू विकत राहते.

आता तुमचं दुकान

लाखनीत धंदा कसा चालतो, तुम्हाला माहीत आहे. धान निघालं की गिऱ्हाईक पैसे देते, तोवर उधारी. कोणाची किती बाकी, कोण खरा, कोण नुसता "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणणारा, हे सगळं मालकाच्या डोक्यात. माल कुठून, कोणत्या भावाने, तेही डोक्यात. मालक चार दिवस दवाखान्यात गेला की शटर खाली. मालकाला काही झालं, तर बायको-पोरांना हेही कळत नाही की बाजारातून किती पैसे यायचे आहेत. भीती घालत नाही भाऊ, पण आपल्या गावात असं घर तुम्हीही पाहिलं असेल.

म्हणून या महिन्यात तीन कामं करा:

१. उधारी डोक्यातून वहीत आणा. नाव, गाव, रक्कम, तारीख. मोबाइल ॲप चालतं, साधी वही पण चालते. घरातल्या एका माणसाला ती वाचता आली पाहिजे.

२. एक शागीर्द धरा. बायको, भाऊ, पोरगी, नोकर, कोणीही. महिन्यातून दोन दिवस दुकान पूर्ण त्याच्यावर सोडा. त्या दिवशी दर दहा मिनिटांनी फोन करायचा नाही!

३. आपला डाव लिहून काढा. कोणता माल कोणाकडून, कोणत्या महिन्यात किती भरायचा, कोणत्या भावाखाली विकायचा नाही. दोन पानं पुरतात.

नवीन सुरू करणाऱ्या ताई-दादांनो, तुमच्यासाठी क्रम वेगळा. आधी खाशाबा व्हा. नवा बाजार समजून घ्या, पहिल्यांदा सहावा नंबर आला तरी खचू नका, आणि ज्याने विश्वासाने पैसे दिले त्याचं आधी फेडा. दुकान पायावर उभं राहिलं की त्याच दिवसापासून आंदळकर व्हायला लागा. "नंतर बघू" म्हणाल तर ते नंतर येत नाही.

तुमच्या दुकानात तुमच्याशिवाय गल्ला कोण सांभाळू शकतं? एकच नाव कमेंटमध्ये लिहा. नाव सुचलं नाही, तर वरचं दुसरं काम आजच सुरू करा. भेटू पुढच्या व्हिडिओत.