पेटीतलं कानाचं मशीन बाहेर काढा

आज आपण बोलणार आहोत कानाच्या मशीनबद्दल. कुणाला ते शिबिरात मिळालेलं असतं, कुणाला लेकानं आणून दिलेलं असतं. सासूबाई चार दिवस हौसेनं घालतात. मग एके दिवशी आवाज येईनासा होतो आणि 'बिघडलं' म्हणून मशीन पेटीत जातं. त्याबरोबर सासूबाईही बाजूला पडतात. घरात बोलणं चालू असतं, त्यांना नुसते ओठ हलताना दिसतात. गटाच्या बैठकीत कर्जाचं ठरतं आणि त्यांची सही मात्र काही न ऐकताच होते.

म्हणून आम्ही आज एकच गोष्ट सांगणार आहोत. बंद पडलेलं मशीन बिघडलेलंच असतं असं नाही. बहुतेक वेळा सेल संपलेला असतो, मळ अडकलेला असतो, नाहीतर ओल शिरलेली असते. या तिन्ही गोष्टी घरच्या घरी बघता येतात.

आधी सेल बघा

मशीन चालू करा, आवाज वाढवा आणि बंद मुठीत धरा. बारीक 'कुईं' अशी शिट्टी आली, तर मशीन जिवंत आहे. काही नव्या मशीनमध्ये ही शिट्टी दाबलेली असते, म्हणून मूठ कानाजवळ नेऊन ऐका. काहीच आलं नाही, तर नवा सेल घाला. बटणासारख्या सेलवर रंगीत कागद चिकटवलेला असतो. रंगावरून माप कळतं: पिवळा १०, तपकिरी ३१२, नारिंगी १३ आणि निळा ६७५. दुकानात जाताना जुना सेल सोबत न्या.

हा सेल हवेवर चालतो. कागद काढला की त्यात हवा शिरते आणि तो खर्च व्हायला लागतो. म्हणून कागद आधीच काढून ठेवू नका. काढल्यावर मिनिटभर थांबा, मग सेल घाला. अधिकची खूण बरोबर बाजूला आहे ना, ते बघा. नारिंगी सेल रोजच्या वापरात साधारण आठवडा ते दोन आठवडे चालतो. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवलं, तर तो जास्त टिकतो.

मशीनला कळ असेल तर तीही बघा. काही मशीनवर 'टी' अशी खूण असते. ती फोनसाठी असते. पुसताना कळ तिकडे सरकली, तर समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही.

एक गोष्ट जपा. लहान मुलानं सेल गिळला, किंवा नाकाकानात घातला, तर घरगुती उपाय करत बसू नका, उलटी काढू नका. लगेच दवाखाना गाठा. सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत आतून भाजतं.

मग मळ

कानामागच्या मशीनला एक नळी असते आणि कानात बसणारा साचा असतो. साच्याच्या भोकात मळ अडकला की आवाज बंद. साचा रोज रात्री कोरड्या मऊ फडक्यानं पुसा. आठवड्यातून एकदा साचा आणि नळी मशीनपासून वेगळी करा आणि कोमट साबणाच्या पाण्यात धुवा. नळीतलं पाणी फुंकून काढा, रात्रभर सुकू द्या आणि सकाळी जोडा. धुवायचा तो फक्त साचा आणि नळी. मशीनला पाणी लागता कामा नये. जे मशीन अख्खं कानातच बसतं, ते अजिबात धुवायचं नाही, कोरडंच पुसायचं.

नळी पिवळी, कडक झाली असेल तर ती बदलून घ्या. कानातला मळ मात्र काडीनं, पिनेनं काढू नका. कान वाहत असेल तर त्या कानात मशीन घालू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि ओल

घाम, पाऊस आणि डोक्याचं तेल हे मशीनचे वैरी. आंघोळीआधी मशीन काढा. तेल रात्री लावा, मशीन काढल्यावर. भात लावताना भिजायची वेळ येणार असेल तर ते घरीच ठेवा. रात्री घट्ट झाकणाच्या डबीत, ओल शोषणाऱ्या दाण्यांची पुडी घालून ठेवा. औषधाच्या डब्यात येते ना, तसलीच पुडी. सेल मात्र बाहेर काढून ठेवा, त्या पुडीनं तो सुकतो. भिजलं तर पुसा, सेल काढा आणि झाकण उघडं ठेवून सावलीत सुकवा. उन्हात नको, चुलीजवळही नको.

कानात शिट्टी वाजते तेव्हा

सासूबाई म्हणतात, "कानात सारखं वाजतंय." तेव्हा साचा नीट बसलाय का बघा. डोक्यावरचा पदर घट्ट असला तरी शिट्टी येते. मग मशीन काढा आणि साच्याच्या भोकावर बोट दाबा. शिट्टी थांबली, तर मशीन ठीक आहे. साचा सैल झालाय, नाहीतर कानात मळ आहे. थांबलीच नाही, तर नळी चिरली असेल किंवा आत बिघाड असेल. लहान मुलांचे कान वाढतात, त्यामुळे त्यांचा साचा वरचेवर नवा करावा लागतो.

एवढं करूनही आवाज आला नाही, तर मशीन घरी खोलू नका. जिल्हा रुग्णालयात कान तपासणारे तज्ज्ञ असतात का, याची आशाताईंकडे चौकशी करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था आहे. तिथे १९८३ पासून वाचा आणि श्रवणाचं काम चालतं. जाताना मशीनचा कागद आणि जुना साचा सोबत न्या.

मैत्रिणींनो, महिन्याच्या बैठकीत हिशोबाच्या वहीसोबत गावातली कानाची मशीनंही मांडा. मुठीत धरा, पुसा, सेल बदला. मिळून सेलचं एक पाकीट आणून ठेवलंत, तर कुणाचं मशीन सेलवाचून पडून राहणार नाही. आणि मशीन सुरू झालं की आजींशी समोर बसून, सावकाश बोला. ओरडू नका. खूप दिवस शांततेत काढलेल्या कानाला घरातल्या भांड्यांचा आवाजही मोठा वाटतो. पहिले काही दिवस तास-दोन तासच घालू द्या, मग रोज थोडं वाढवा.