शटर साडेनऊला, ताट दहाला : थाई पद्धतीचं शेंगदाणा चिकन



ट्रेनिंगमध्ये मी एक गोष्ट सारखी सांगते. जे काम फक्त एकाच माणसाला येतं, ते काम म्हणजे धंद्यातला धोका. तो माणूस आजारी पडला, गावाला गेला, की काम अडलं. म्हणून आपण खरेदीची यादी लिहून ठेवतो, गल्ला बंद करायच्या पायऱ्या लिहून ठेवतो. पण घरच्या रात्रीच्या जेवणाला हा नियम आपण लावतो का?

बहुतेक दुकानांत चित्र असं असतं. नवरा-बायको दोघंही दिवसभर काउंटरवर. साडेनऊला शटर खाली येतं. घरी पोचल्यावर एक जण सोफ्यावर टेकतो आणि दुसरी तशीच ओट्यापाशी जाते. ती फारच थकलेली असेल तर बाहेरून मागवायचं. म्हणजे पैसे तरी जातात नाहीतर तिची झोप जाते. ‘मला येत नाही’ हे उत्तर दुकानातल्या पोऱ्याकडून आपण ऐकून घेत नाही, घरात मात्र वर्षानुवर्षं चालतं.

म्हणून आज एक अशी डिश घेऊ, जी मापावर चालते, हातगुणावर नाही. सुट्टीच्या दिवशी एकदा तयारी करायची आणि मग आठवड्याच्या रात्री २५ ते ३० मिनिटांत घरातला कोणीही मोठा माणूस ती बनवू शकेल. आपल्या व्हिडिओत हात दिसतात, मापं मात्र निसटून जातात. ती इथे नीट लिहून देते.

ही डिश आहे कुठली?

‘थाई पीनट चिकन’ या नावाने जे झटपट बनवलं जातं, त्याची मुळं थायलंडच्या साते सॉसमध्ये आहेत. काडीला लावून भाजलेल्या मांसाचा साते हा प्रकार मूळचा जावाकडचा. तिथून मलाया आणि थायलंडमध्ये गेला. थायलंडमध्ये त्याच्याबरोबर नारळाच्या दुधातला शेंगदाण्याचा सॉस आणि काकडीचं आंबटगोड तोंडीलावणं देतात.

याच सॉसची आणखी एक थाई डिश आहे, ‘फ्रा राम लोंग सोंग’. अर्थ साधारण ‘प्रभू रामांचं स्नान’. उकळत्या पाण्यातून काढलेली हिरवी पालेभाजी, मांसाचे काप आणि वरून शेंगदाण्याचा सॉस. नावाचं कोडं असं सुटतं, की थायलंडच्या रामायणात, म्हणजे रामकियेनमध्ये, राम हिरव्या वर्णाचे दाखवतात. हिरवी भाजी सॉसमध्ये बुडाली, म्हणून हे नाव. आपण आज बनवतोय ते या डिशच्या जवळचं आहे.

शेंगदाणा आणि मिरची दोन्ही मूळची अमेरिका खंडातली, तिकडेही बाहेरून आली आणि आपल्याकडेही. म्हणून या डिशचा अर्धा माल तुमच्या डब्यात आधीच आहे.

सुट्टीच्या दिवशीची तयारी : चार वेळांचा माल

१. शेंगदाण्याची पेस्ट. ४०० ग्रॅम दाणे मंद आचेवर खरपूस भाजा, सालं काढा. पूर्ण गार झाले की मिक्सरला लावा. आधी आपलं नेहमीचं कूट होईल. तिथे थांबायचं नाही. थांबत थांबत फिरवत राहा, भांड्याच्या कडा खरवडत राहा. काही मिनिटांत दाण्याला तेल सुटतं आणि सैलसर, गुळगुळीत पेस्ट होते. कूट घातलं तर सॉस रवाळ लागतो, चव पिठल्याकडे झुकते. पेस्ट कोरड्या बरणीत फ्रीजमध्ये महिनाभर छान राहते.

दाणे घेताना एक दुकानदारी टीप. ठोक बाजारात दाण्याचे आकडे असतात, ५०/६०, ८०/९० वगैरे. एका औंसात किती दाणे बसतात त्याचा तो हिशेब. आकडा लहान, दाणा मोठा आणि बहुधा महाग. आपल्याला दळायचेच आहेत, मग मोठ्या दाण्याचे पैसे कशाला द्यायचे? बारीक दाणा चालतो. फक्त खवट किंवा काळपट, बुरशी आलेला दाणा एकही नको.

२. लाल वाटण. १५ ब्याडगी मिरच्या आणि ४ तिखट मिरच्या गरम पाण्यात २० मिनिटं भिजवा. त्यात १५ लसूण पाकळ्या, २ लहान कांदे, २ इंच आलं, मूठभर कोथिंबिरीचे देठ (मुळं मिळाली तर स्वच्छ धुऊन तीही), १ मोठा चमचा भाजलेले धणे, १ छोटा चमचा जिरं, १ छोटा चमचा मीठ. वासासाठी गवती चहाच्या ६ काड्यांचा खालचा पांढरा, कोवळा भाग बारीक चिरून घाला. आपण चहात पात घालतो, थाई स्वयंपाकात बुडख्याला मान आहे. थाई लिंबाची पानं मिळाली नाहीत तर २ लिंबांची फक्त हिरवी साल किसून घाला. पांढरा भाग नको, कडवट होतो. सगळं शक्य तितक्या कमी पाण्यात बारीक वाटा.

थाई वाटणात सुक्या कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. कोकणातली घरं अर्धा चमचा भाजलेल्या जवळ्याची पूड घालू शकतात. चव अगदी तीच नाही, पण त्याच वाटेवरची येते. वाटणाचे चार भाग करा. एक फ्रीजमध्ये ठेवा, तो आठवड्यात वापरा. बाकी तीन फ्रीझरमध्ये.

३. चिकन. बोनलेस चिकन, शक्यतो मांडीचं, कारण ते कोरडं पडत नाही. बोटाएवढ्या पट्ट्या करून ५००-५०० ग्रॅमची पाकिटं भरा. पाकीट चपटं करा, लवकर सुटतं. ज्या रात्री करायचं, त्या दिवशी सकाळी दुकानात निघतानाच पाकीट फ्रीझरमधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, एका ताटलीत ठेवा. दिवसभर ओट्यावर ठेवून जायचं नाही. बारा तास बाहेर राहिलेलं चिकन शिजवूनही सुरक्षित होत नाही.

रात्रीची २५ ते ३० मिनिटं

चार माणसांसाठी : चिकन ५०० ग्रॅम, दाण्याची पेस्ट १०० ग्रॅम (साधारण ६ मोठे चमचे), लाल वाटणाचा एक भाग, नारळाचं दूध २०० मिली, सोया सॉस दीड मोठा चमचा, किसलेला गूळ १ मोठा चमचा, चिंचेचा कोळ १ मोठा चमचा, अर्धं लिंबू, हळद पाव चमचा, एक जुडी पालक किंवा नाळीची भाजी, दीड वाटी तांदूळ.

पहिली ५ मिनिटं. तांदूळ धुऊन नेहमीच्या मापाने कुकरला लावा. थाई जास्मिन भात थोडा चिकटसर आणि सुवासिक असतो, म्हणून इंद्रायणी किंवा आंबेमोहोर छान जुळतो. लांब सुट्या बासमतीची इथे गरज नाही. चिकनला हळद आणि अर्धा चमचा सोया सॉस चोळून ठेवा.

५ ते १०. एका भांड्यात दाण्याची पेस्ट, उरलेला सोया सॉस, गूळ, कोळ आणि अर्धी वाटी गरम पाणी घालून गुठळ्या मोडा. दुसऱ्या गॅसवर पाणी उकळायला ठेवा.

१० ते १५. कढई चांगली तापू द्या. दोन चमचे तेल. चिकन एका थरात पसरा आणि दोन मिनिटं हात लावू नका. रंग आला की उलटा, अजून दोन मिनिटं. मग ताटलीत काढा. कढई लहान असेल तर दोन वेळा करा. गर्दी केली की चिकनला पाणी सुटतं आणि ते भाजायच्या ऐवजी उकडतं.

१५ ते २३. त्याच कढईत नारळाच्या दुधातलं घट्ट दूध तीन-चार चमचे घाला, त्यात वाटण परता. थाई पद्धत अशीच आहे, नारळाचं तेल सुटेपर्यंत परतायचं. डबाबंद दुधाला कधी कधी तेल सुटत नाही. तेव्हा एक चमचा साधं तेल घाला आणि कच्चा वास जाईपर्यंत परता. मग दाण्याचं मिश्रण, उरलेलं दूध आणि चिकन, ताटलीत सुटलेल्या पाण्यासकट. मंद आचेवर ५ मिनिटं. तळाशी ढवळत राहा, दाणा पटकन लागतो. सर्वात जाड तुकडा मोडून बघा, आत गुलाबी नको. थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सिअस.

शेवटी. पालक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, नाळीची भाजी एक मिनिट. निथळा. ताटात भात, त्यावर भाजी, त्यावर चिकन आणि सॉस. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा. शेजारी काकडी आणि कांद्याचे पातळ काप, त्यांना व्हिनेगर, साखर, मीठ आणि हिरवी मिरची. सॉस जड असतो, ही काकडी त्याला हलकं करते.

चव जुळवायची कशी?

थाई जेवणात खारट, गोड, आंबट आणि तिखट यांचा ताळेबंद बसवायचा असतो. ताटात वाढण्याआधी एक चमचा चाखा. सपक लागलं तर बहुतेक वेळा खारट कमी आहे, सोया सॉस अर्धा चमचा. जड, तुपकट लागलं तर लिंबू. जिभेला बोचलं तर गूळ. एकावेळी एकच गोष्ट घाला आणि पुन्हा चाखा. सॉस हवा त्यापेक्षा थोडा पातळ ठेवा, कारण गार होताना शेंगदाणा घट्ट होतो. जास्त घट्ट झाला तर गरम पाणी. मीठ आधी अजिबात घालू नका, सोया सॉसमध्ये आणि वाटणात आहे.

आता हिशेब

हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावचे भाव टाकून बघा. चिकन १८० रुपये, दाणे १५, नारळाचं दूध ६०, वाटण २५, सोया-गूळ-चिंच-लिंबू १५, भाजी आणि काकडी २०, तांदूळ २१, तेल आणि गॅस २०. एकूण ३५६. माणशी ८९ रुपये.

बाहेरून मागवलेल्या शेवटच्या जेवणाचं बिल तुमच्या मोबाइलमध्ये आहेच. ते उघडा. समजा ९०० रुपये आहे. फरक ५४४. आठवड्यातून दोनदा, म्हणजे महिन्याला ८ वेळा धरलं तर ४,३५२ रुपये. एखाद्या छोट्या दुकानाचं वीजबिल यात निघेल.

पण थांबा. या हिशेबात एक खर्च आपण शून्य धरला. बनवणाऱ्याचा वेळ. धंद्याचं कॉस्टिंग करताना मालकाचा पगार लावा म्हणून मी मागे लागते, मग इथे तो फुकट कसा? रात्रीचा अर्धा तास आणि सुट्टीच्या दिवशीचा साधारण दीड तास कोणीतरी देतंय. तो दर वेळी एकच माणूस देत असेल, तर ४,३५२ ही बचत नाही. ती त्या माणसाच्या खात्यातून काढलेली रक्कम आहे.

बदल आणि खबरदारी

सोमवार, गुरुवार, शनिवार किंवा श्रावण पाळत असाल तर वाटणात जवळा घालू नका. चिकनऐवजी पनीर, टोफू किंवा उकडलेला बटाटा आणि फरसबी घ्या. पनीर शेवटच्या दोन मिनिटांत घाला. लहान मुलं असतील तर तिखट मिरच्या वगळा, ब्याडगीने रंग येतोच.

पाहुणे जेवायला असतील तर ‘शेंगदाणा चालतो ना?’ हे आधी विचारा. काहींना त्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते आणि सॉसमध्ये दाणा डोळ्यांना दिसत नाही. हा सॉस बरणीत भरून विकायचा विचार मनात आला असेल, तर एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना आधी घ्या. लेबलवर शेंगदाणा आणि सोया हे ॲलर्जीचे घटक म्हणून लिहिणं नियमानेच बंधनकारक आहे.

या आठवड्याचं काम

वरची मापं आणि रात्रीच्या पायऱ्या एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि फ्रीजवर चिकटवा. पहिल्यांदा घरात ज्याला स्वयंपाक येतो त्याने करावं, दुसऱ्याने फक्त शेजारी उभं राहून बघावं. दुसऱ्या वेळी उलट. ज्याला येतं त्याने खुर्चीवर बसायचं आणि विचारल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही. हे चिकन शिजवण्यापेक्षा अवघड आहे, आधीच सांगते! सॉस थोडा लागेल, भात थोडा गिचका होईल. होऊ द्या. नवीन पोऱ्याचं पहिलं बिलही चुकतंच, म्हणून आपण त्याला काउंटरवरून हाकलत नाही.

तिसऱ्या वेळी कागदाकडे बघावं लागणार नाही. मग एखाद्या रात्री घरातलं एक माणूस तापाने पडलं, तरी बाकीची उपाशी किंवा बाहेरच्या डब्यावर राहणार नाहीत. आणि पडलेल्या माणसालाही गरम ताट मिळेल.