क्रेडिटची नोंद वेळेवर का हवी?

सत्रभर आठवड्याला एक तास व्याख्यान किंवा दोन तास प्रात्यक्षिक म्हणजे साधारणपणे एक क्रेडिट. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात स्वाध्याय धरून वर्षाचे 1200 तास आणि 40 क्रेडिट असा हिशेब आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2021मध्ये ‘अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’चे नियम केले. त्यानुसार विद्यार्थ्याच्या खात्यात क्रेडिट जमा करते ती संस्था; विद्यार्थ्याला स्वतः ते करता येत नाही. म्हणूनच संस्थेने नोंद रखडवली, तर उत्तीर्ण होऊनही दुसऱ्या विद्यापीठात जाताना त्याचे खाते रिकामे दिसते.

तास मोजून ज्ञान मोजता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण क्रेडिट नुसत्या हजेरीवर मिळत नाही, मूल्यमापनात उत्तीर्णही व्हावे लागते. तास अभ्यासाचा आवाका सांगतात, गुण त्याचा दर्जा. समान मापच नसेल, तर पुण्यातला अभ्यास नागपुरात धरायचा कसा? नोंदींमुळे प्राध्यापकांचे कारकुनी काम वाढते, हेही खरे. त्यावर उपाय पुरेसे कर्मचारी नेमणे हा आहे. विद्यार्थ्यांनी मात्र प्रत्येक निकालानंतर आपले खाते गुणपत्रिकेशी ताडून पाहावे आणि तफावत दिसताच महाविद्यालयाकडे लेखी अर्ज करावा.