हाताचे काम आवाजावर सोपवताना

अँटॉप हिलच्या माझ्या दवाखान्यात अनेक वर्षे येणारे एक काका खिशात छोटी वही बाळगत. मुले, जावई, शेजारी, औषधांचे दुकान, दूधवाला असे सर्वांचे क्रमांक त्यात सुवाच्य अक्षरांत लिहिलेले. अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला. पुढे एका रात्री काकू मोरीत घसरून पडल्या. वही समोर, फोन उशाशी. पण डाव्या हाताच्या बोटाने क्रमांक काही जुळेना. शेजाऱ्यांना हाक ऐकू जाईपर्यंत बराच वेळ गेला. "डॉक्टर, माणसं सगळी होती हो, फक्त त्यांच्यापर्यंत पोहोचता येईना," असे ते म्हणाले.

त्यानंतर त्यांच्या मुलीने आवाजावर चालणाऱ्या संपर्कवहीचा शोध सुरू केला. कार्यालयांसाठी बनवलेली सॉफ्टवेअरे पाहिली; त्यांत रकाने फार आणि आज्ञा बहुधा इंग्रजीत. अखेर उपयोगी पडली ती फोनमधलीच संपर्कयादी. गूगलने मराठी बोलून टंकलेखन २०१७ मध्ये, तर मराठी असिस्टंट २०१८ मध्ये आणला. कोणतीही सोय निवडताना तीन गोष्टी पडताळून पाहाव्यात: बोटाचा स्पर्श न करता फोन लावता येतो का? फोन लावण्यापूर्वी तो नाव वाचून दाखवतो का? आणि चूक झाल्यास बोलूनच ती थांबवता येते का?

खरी मेहनत नावांची असते. यादीत 'सुनीता', 'सुनीता वहिनी' आणि 'सुनील' अशी तीन नावे असली, तर फोनचा गोंधळ होणारच. म्हणून काकांच्या यादीतील जुनी, निकामी नावे काढली आणि नित्याच्या सहा व्यक्तींना वेगळ्या उच्चारांची नावे दिली: 'धाकटी', 'थोरला', 'शेजारी', 'औषधवाले' अशी. नावे मराठीत बोलायची असतील, तर ती देवनागरीत साठवलेली बरी. १०८ ही रुग्णवाहिका आणि ११२ ही आपत्कालीन सेवाही यादीत नोंदवून ठेवावी.

आता वैद्यकीय बाजू. अर्धांगवायूनंतर जीभ जड होऊन उच्चार अस्पष्ट होतात. कंपवातात आवाज हळू आणि एकसुरी होतो. अशा वेळी श्वास भरून, शब्द सुटे आणि थोडे मोठ्याने बोलावेत. कंपवाताच्या रुग्णांनी गोळीचा परिणाम चांगला असताना सराव करावा. सैल कवळी, कोरडे तोंड आणि चालू दूरदर्शन यांनीही फोन चुकतो. मात्र ज्यांना शब्दच सुचत नाहीत, अशा वाचाघाताच्या रुग्णांवर आवाजाची सक्ती करू नये. त्यांच्यासाठी फोनच्या पहिल्या पडद्यावर माणसांची छायाचित्रे ठेवावीत. चित्रावर बोट ठेवताच फोन लागतो. वाणी-उपचारासाठी वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, तर हाताच्या पुनर्वसनासाठी हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था मुंबईकरांना जवळची आहे.

एक सावधगिरीही हवी. आवाजाची सोय इंटरनेट आणि चार्जिंगवर अवलंबून असते. ती एकमेव आधार ठरू नये. जुनी वही फोनशेजारीच राहू द्यावी. बँकेचा पासवर्ड वा ओटीपी कधीही मोठ्याने उच्चारू नये. फोन कुलूपबंद असतानाही आवाजाने लागतो का, हे घरच्यांनी एकदा स्वतः करून पाहावे. संकटसमयी त्याचीच परीक्षा होते.

काका आता रोज संध्याकाळी सहा वाजता सराव म्हणून "धाकटीला फोन लाव" म्हणतात. पहिल्या आठवड्यात दहापैकी चार वेळा तो चुकला, आता क्वचितच चुकतो. काकू काठी घेऊन पुन्हा चालू लागल्या आहेत. परवा त्या हसत म्हणाल्या, "डॉक्टर, मुलगी म्हणते, बाबांचा फोन आता वेळेवर येतो, पूर्वी तर सणासुदीलाच यायचा!"

वाचकहो, आपल्या घरी असे कोणी असेल, तर एक रविवार त्यांच्या संपर्कयादीसाठी राखून ठेवा. नावे मात्र त्यांनाच ठरवू द्या. आवाज त्यांचा आहे.