तिथीची पाऊणपट

जुलै महिन्यात महाडच्या बाजारात माणूस भेटला की ‘भरती किती वाजता?’ असे विचारतो. समुद्र इथून दिसत नाही, त्याची गाजही ऐकू येत नाही. पण बाणकोटच्या खाडीतून भरतीचे पाणी आत चढू लागले की सावित्री आणि गांधारी तुंबतात आणि पाणी पेठेत शिरते. मी बँकेत होतो तेव्हा भरतीचा अंदाज घेऊनच आम्ही खालच्या कप्प्यातल्या खातेवह्या वर चढवत असू. हा अंदाज सांगे आमच्या शाखेतला शिपाई, तोही पंचांगावरून. शुद्ध असो की वद्य, तिथीची पाऊणपट करायची. येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा.

हे गणित पाठ असलेला मी, गेल्या त्रिपुरी पौर्णिमेला सकाळी अकरा वाजता हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला निघालो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा!

सोबत अक्का होती. अक्का माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, पोलादपूरला दिलेली. महाबळेश्वरच्या पाच नद्यांपैकी पश्चिमेला कोकणात उतरणारी ही सावित्री. तिच्या काठी अक्काची पन्नास वर्षे गेली. तिथेच धुणी धुतली, गणपती बोळवले, भाऊजींच्या अस्थीही तिथेच सोडल्या. पण ही नदी समुद्राला मिळते कशी, ते तिने पाहिले नव्हते. आपल्याकडची माणसे काशीला जाऊन येतात, पण घरामागची नदी जिथे संपते ती दक्षिण काशी मात्र ‘जाऊ कधीतरी’ म्हणून राहून जाते.

देवळात रिवाजाप्रमाणे आधी काळभैरव, मग पेशव्यांचे कुलदैवत हरिहरेश्वर, पुन्हा काळभैरव असे दर्शन झाले. मागच्या टेकडीवर पायऱ्या चढून जायचे, दोन कड्यांच्या चिंचोळ्या फटीतून खाली समुद्रात उतरायचे आणि खडकांवरून वळसा घालून किनाऱ्याने देवळाशी परत यायचे, अशी ही प्रदक्षिणा. रमतगमत तासाभराची. पायऱ्यांच्या तोंडाशी नारळ विकणारी बाई म्हणाली, “काका, आजींना घेऊन आता खाली नका जाऊ. भरलंय.” मी तरी फटीतून डोकावलो. शेवटच्या पायऱ्या दिसत नव्हत्या. खालून एक लाट आत घुसली आणि तिचा फेस वरपर्यंत आला. या खडकांवरून लाटेने ओढून नेलेली माणसे थोडी नाहीत, आणि त्यातली बहुतेक सहलीलाच आलेली होती. पुराच्या भीतीने आपण भरती विचारतो; हौसेच्या दिवशी ते सुचत नाही.

“उद्या पाडवा,” अक्का म्हणाली. “पाऊण वाजता भरती. म्हणजे उजाडताना ओहोटी. राहू या.”

तिलाही ते गणित येत होते! पोलादपूरला भरतीचे काय काम, असे मी विचारले, तर म्हणाली, “सासरे सांगायचे.”

दुसऱ्या दिवशी सात वाजता आम्ही उतरलो. अक्काने काही पायऱ्या बसून पार केल्या. आणि काल जिथे नुसता फेस होता तिथे काळ्या खडकाचे लांबरुंद अंगण उघडे पडले होते. कड्याच्या अंगाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोके. उडालेले खारे पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत वाळते, मिठाचे खडे फुगतात आणि दगड कणाकणाने झडतो. खळग्यांत राहिलेल्या पाण्यात बोटभर मासे, कडेला खेकडे, खडकाला चिकटलेली कालवे. वर समुद्री गरुड पंख न हलवता फिरत होता. पांढरे पोट उन्हात चमकले तेव्हा ओळखला. अक्का शेवाळ चुकवत काठी टेकत चालत होती. घाई मलाच होती.

वळणावर दक्षिणेकडे खाडीचे तोंड आले. पलीकडे बाणकोटचा किल्ला, इंग्रजांचा फोर्ट व्हिक्टोरिया. त्याच्याही पलीकडे नाना फडणवीसांचे मूळ गाव वेळास. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. एकेका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले बाहेर पडून समुद्राकडे धावतात. याच खाडीतून डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या परिषदेसाठी बोटीने दासगावला उतरले. हे सगळे मी अक्काला सांगत होतो. तिचे लक्ष नव्हते.

“आपल्याकडचं पाणी इथं पोचायला किती दिवस लागत असतील रे?”

मी काही बोललो नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल दोन एसटी गाड्यांसह वाहून गेला, तेव्हा काही मृतदेह थेट समुद्रकिनाऱ्यावर सापडले होते. त्या आठवड्यात अक्का नदीकडे पाठ करून बसायची. मागचे दारही उघडू देत नव्हती. तिलाही बहुधा तेच आठवले असावे.

“पावसात काही दिवस नाही लागत,” ती म्हणाली आणि वाकून ओंजळभर पाणी घेतले. चाखून पाहिले, तोंड वाकडे केले. “खारट झाली.”

खडकावर ती बराच वेळ बसली. मी गरुड शोधत राहिलो. मग माझ्या चपलेशी एक पातळ लाट येऊन गेली. आधी अक्काच उठली.

“पाणी फिरलं. चल.”